इकॉलॉजीला प्रवेश घेताना माहितीपुस्तिका नव्हे, वेळापत्रक पाहा

संपादक महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की मोठ्या विद्यापीठाच्या नावामागे सगळे धावतात. त्याच विद्यापीठात एका कोपऱ्यात वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा इकॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम चालतो, त्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. असा अभ्यासक्रम चांगला चालला तर त्याला तोड नाही. पण काही ठिकाणी तो निम्मा कागदावरच असतो, आणि माहितीपुस्तिका दोन्हींच्या सारख्याच देखण्या असतात. फरक कसा ओळखायचा, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी नावांचा घोळ मिटवू. पाण्या-हवेतले प्रदूषण, कायदे, धोरण यांत रस असेल तर पर्यावरण विज्ञान बरे. एखादा जीव इथे का आहे, तिथे का नाही, किती आहे, त्याची संख्या कशाने वाढते-घटते, हे शोधायचे असेल तर इकॉलॉजी. १८६६ साली अर्न्स्ट हेकेल यांनी हा शब्द घडवला, तो सजीवांचे भोवतालाशी असलेले नाते अभ्यासणाऱ्या शास्त्रासाठी. हे शास्त्र मोजमापावर उभे आहे. म्हणून अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचे किमान दोन विषय आहेत का, ते पाहा. शिवाय उत्क्रांती, जनुकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पती किंवा कीटकांची ओळख पटवायला शिकवणारा निदान एक विषय हवा. हा शेवटचा विषय हल्ली पुष्कळ ठिकाणी गळतो. जाती ओळखता येत नसतील तर मोजणार काय?

आता वेळापत्रक. मागच्या चार सत्रांत कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले, याची यादी विभागाकडून मागून घ्या आणि पुस्तिकेशी ताडून पाहा. छोट्या अभ्यासक्रमात एखादा विषय एकाच प्राध्यापकाच्या जिवावर चालतो. ते वर्षभर संशोधन रजेवर गेले की विषय बंद. काही विषय एक वर्षाआड असतात. असा सक्तीचा विषय तिसऱ्या वर्षी हुकला तर पुढच्या खेपेपर्यंत पदवी अडकते. पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शेकडो विद्यार्थ्यांबरोबर मोठ्या सभागृहात होते, त्यात बिघडत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मात्र इकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव आहेत का, हे विचाराच. नसतील तर मोठ्या विभागांचे विद्यार्थी आधी नोंदणी करून जागा भरून टाकतात.

क्षेत्रकार्याचे तास मोजताना फार फसगत होते. कागदावर तीन तासांचे प्रात्यक्षिक असते. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, साहित्य काढण्या-आवरण्यात वीस मिनिटे. हातात उरतात सत्तर मिनिटे. तेवढ्यात एक मीटरच्या चौकटीतली झाडे चार-पाच ठिकाणीही नीट मोजून होत नाहीत. म्हणून निदान अर्ध्या दिवसाचा सलग वेळ आणि एखादे आठवड्याभराचे शिबिर असलेला अभ्यासक्रम निवडावा.

गट लहान असण्याचे मोल कशात आहे, ते एका साध्या प्रयोगात दिसते. एका जागेतल्या गोगलगायी किती, हे काढायचे आहे. पहिल्या दिवशी ६० पकडून शंखावर रंगाचा ठिपका देऊन सोडल्या. आठवड्याने ५० पकडल्या, त्यांत १५ ठिपकेवाल्या निघाल्या. दुसऱ्या खेपेत ठिपकेवाल्यांचे जे प्रमाण, तेच साऱ्या जागेत धरायचे: साठ गुणिले पन्नास भागिले पंधरा, म्हणजे अंदाज २०० चा. शंख ओला असताना रंग लावल्यामुळे त्यातले पाच ठिपके उडाले असतील, तर खुणेच्या दहाच सापडतील आणि अंदाज थेट ३०० वर जाईल. उलट, सगळ्या एकाच झुडपाखाली सोडून पुन्हा तिथेच शोधल्या, तर खुणेच्या २५ हाती लागतील आणि अंदाज १२० वर येईल. गणित तिन्ही वेळा बरोबर; चूक कपड्याने शंख न पुसण्यात किंवा सोडण्याच्या जागेत. दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर ही चूक तिथेच दिसते. साठ जणांमागे एक असेल तर ३०० हा आकडा वहीत उतरतो आणि गुणही मिळवून जातो.

मोठ्या विद्यापीठाचे बळ वेगळे. वनस्पतिसंग्रहालय, मृदाशास्त्राची प्रयोगशाळा, नकाशे व उपग्रहचित्रांवर काम करणारा भूगोल विभाग, हे एकट्या छोट्या महाविद्यालयाला झेपत नाही. पण ही दारे पदवीच्या विद्यार्थ्याला उघडी आहेत का? दुसऱ्या विभागातले विषय घेतले तर त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात का? त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जिच्यावरच्या सजीवांची वर्षानुवर्षे मोजणी होते अशी जमीन. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे गवताच्या कुरणावरचा प्रयोग १८५६ पासून सुरू आहे. खताने गवताचे वजन वाढते पण जाती घटतात, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसले. एवढी जुनी नोंद सर्वत्र नसणार, हे उघड आहे. तरी दहा वर्षांच्या नोंदी असलेला जमिनीचा तुकडा विद्यापीठाकडे असला, तरी विद्यार्थ्याचा तीन महिन्यांचा प्रकल्प त्या मालिकेत बसतो आणि त्याला अर्थ येतो.

विभागप्रमुखांशी बोलून झाले की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. त्यांना तीनच प्रश्न पुरेत: प्रकल्पाला मार्गदर्शक सहज मिळाला का, शिबिराचा खर्च कोणी केला, आणि कोणता विषय घ्यायचा होता पण मिळाला नाही? तिसऱ्या प्रश्नाला तिघांनी एकाच विषयाचे नाव घेतले, तर तो विषय पुस्तिकेतून खोडून मगच निर्णय घ्या.

आपले,
पदवीला इकॉलॉजी शिकवणारे दोन अध्यापक