गळालेला नऊ
मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आपल्या बालपानावर नऊ एकांचा वर्ग छापून आला : १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८८७६५४३२१. यात मधला ९ गळला आहे. खरे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, सतरा अंकी. आपले सोळातच आटोपले.

मी बाजार समितीत कापसाच्या काट्यावर मापारी होतो. बेरीज झाली की नवाचा ताळा पाहायचा, म्हणजे अंक मिळवून नवाने भागायचे नि दोन्हीकडची बाकी जुळते का ते बघायचे, ही हाताला लागलेली सवय. आपल्या आकड्याचाही पाहिला. अंकांची बेरीज ७२, नऊ टाकले की बाकी शून्य. नऊ एकांचीही शून्य. ताळा जुळला! नऊ राहिला काय नि गळला काय, नवाच्या ताळ्याला पत्ताच लागत नाही. एकदा मी ३६ किलोचे ६३ लिहून बसलो होतो, तेव्हाही तो असाच जुळला होता. २७ किलोंचा तो फरक शेतकऱ्याने पट्टीवर बोट ठेवून दाखवला, तोही भर अडतीत.

नात आठवीत आहे. म्हणाली, “आबाजी, अकरानं पाहा ना.” एकाआड एक अंक मिळवले. छापलेल्या आकड्यात दोन्हीकडे ३६, म्हणजे ११ ने पूर्ण भाग जातो. नऊ एकांत मात्र एकीकडे ५, दुसरीकडे ४. मुळालाच अकराचा भाग जात नाही, तर वर्गाला कुठून जाणार? खऱ्या उत्तरात ४१ आणि ४० येतात.

गंमत म्हणजे आपण छापलेला आकडाही वाया गेलेला नाही. आठ एकांना नऊ एकांनी गुणा, तंतोतंत तोच येतो. वरच्या ओळीतला एखादा १ गळला असता, तर आपले गणित बरोबर ठरले असते!

खाली ‘चमत्कार’ लिहिले आहे, ते मात्र पटले नाही. नऊ एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकवत मांडा. उभ्या रकान्यांत १, २, ३ असे ९ पर्यंत चढतात नि तसेच उतरतात. कुठेच हातचा येत नाही, एवढेच त्यातले गुपित. दहा एक घ्या. मधल्या रकान्यात १० होतात, हातचा चढतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मोडली रांगोळी.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा आकड्यांना ‘डेमलो’ म्हटले, डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून. आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही त्यांचेच. हा सतरा अंकी गडी हर्षदही आहे : बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो. बालपानावर कापरेकरांचे नावच नव्हते, ते मला गळालेल्या नवापेक्षा जास्त लागले.

दुरुस्ती छापाल तेव्हा त्या नऊ ओळीही छापा. रकाने तेवढे एकाखाली एक नीट लावा.

– एक निवृत्त मापारी,
ता. आर्णी, जि. यवतमाळ