रावपुऱ्यातल्या घड्याळजी काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या घड्याळाची किंमत तुम्ही कारणांसकट कागदावर लिहून दिलीत, त्याबद्दल हे पत्र. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, नीट आभारही मानता आले नाहीत. शिवाय बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत कपाटात अशी घड्याळं पडून असतील, त्यांनाही तुमचं काम कळावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

बाबा गेल्यावर वाटणीत अडलं ते या घड्याळापाशी. भावाला ते हवं होतं, पण माझा हिस्सा दिल्याशिवाय नेणार नाही, असा त्याचा हट्ट. आणि किंमत सांगणार कोण? एका दुकानदाराने 'चावी दिली तरी चालत नाही, मशीन गेलंय' म्हणत भंगाराचा भाव केला. दुसरा डायल रंगवून नवंकोरं करून द्यायला निघाला होता.

तुम्ही मात्र आधी भिंग लावून मागचं झाकण वाचलंत. पहिले चार अंक, ४००६, हे मशीनचे. पुढचे चार केसचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे. जपानच्या सिको कंपनीचं बेल-मॅटिक: ऑटोमॅटिक, आणि त्यात गजर! चावीचं कोडंही तिथेच सुटलं. यात वेळेची स्प्रिंग हाताच्या हालचालीने, आतलं वजन (रोटर) फिरूनच भरते; चावीने भरते ती गजराची. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. तुम्ही ते हलवून चालू केलंत, आतली कडी फिरवून खूण जुळवलीत, दोनच्या आकड्याजवळचं बटण बाहेर ओढलंत आणि थोड्या वेळाने ते खणखणलं. रिफायनरीच्या पहिल्या पाळीच्या आदल्या रात्री बाबा घड्याळ उशीखाली का ठेवायचे, ते मला त्या क्षणी कळलं. काका, हे तुम्ही मला दिलंत, त्याची किंमत त्या कागदावर नाही.

मग साल. झाकणावरच्या अनुक्रमांकाची सुरुवात ०२: पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. बेल-मॅटिक १९६६ च्या सुमारास आलं आणि सत्तरच्या दशकातच थांबलं, म्हणून हे फेब्रुवारी १९७० चं. झाकणावरचे 'वॉटर प्रूफ' हे शब्दही त्याला जुळले. त्याच सुमारास सिको त्याऐवजी 'वॉटर रेझिस्ट' लिहू लागली होती.

डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, इतकी बारीक अक्षरं असतात हे मला ठाऊकच नव्हतं. तिथेही ४००६ निघालं, छपाई सुबक निघाली, आणि 'हा डायल मूळचा आहे, याला ब्रश लावू देऊ नका' असं तुम्ही जवळजवळ दटावूनच सांगितलंत. रंगवला असता तर बरंचसं मोल त्या रंगाखाली गेलं असतं. सेकंदकाटा मात्र मागाहून बदललेला, पट्टाही मूळचा नाही, हे तुम्ही लपवलं नाहीत. केसच्या कडा पॉलिशने झिजलेल्या नाहीत, हे जमेला धरलंत. कुणी किती मागतंय त्यावर जाऊ नका, अगदी असंच दुसरं घड्याळ खरोखर कितीला विकलं गेलं ते बघा, असं म्हणून तुम्ही त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा केलात.

ते घड्याळ तुम्हालाही आवडलं होतं, तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन तुम्ही ते सहज घेऊ शकला असतात. मी आनंदाने देऊन घरी गेले असते. तुम्ही खरा आकडा लिहिलात आणि तपासणीचे नेहमीचे पैसे घेतलेत. आम्हा भावंडांत त्या आकड्यावर एका शब्दानेही वाद झाला नाही.

भाऊ दिवाळीत पुण्याहून येतोय. सर्व्हिसिंग तुमच्याच हातून करून घ्यायचं म्हणतो. भाऊबीज झाली की दोघं घड्याळ घेऊन दुकानात येतो.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातली एक गिऱ्हाईक