पत्र्याचा गोल डबा उजेडात उघडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या पेठेतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक वारले, पोरं पुण्याला नोकरीला, दुकान रिकामं करून द्यायचं होतं म्हणून सगळं सामान एकदम भंगारात गेलं. मला कळल्यावर मी तसाच पळत गेलो पण उशीर झाला होता. भंगारवाल्याच्या दारात पत्र्याचे दोन गोल डबे उघडे पडलेले, आतली काळी पिशवी फाडलेली आणि फिल्मचा अख्खा गुंडाळा उन्हात, म्हणजे उजेड लागून वाया. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आत काय आहे म्हणून बघितलं त्यानं, त्याचा दोष नाही. पण मला दोन रात्री झोप नाही लागली, कारण त्याच दुकानात नववीत असताना मी पहिल्यांदा रोल धुताना बघितला होता.

तर त्या डब्यात काय असतं ते सांगतो. एका डब्यात १०० फूट म्हणजे साडेतीस मीटर फिल्म असते, ३५ मिलीमीटर रुंदीची, कॅमेऱ्यात घालतो तीच, फक्त रोलच्या छोट्या डबीत न भरलेली. एक फोटो ३६ मिलीमीटरचा, मध्ये दोन मिलीमीटर जागा, म्हणजे दर फोटोला ३८ मिलीमीटर आणि कडेची आठ भोकं. ३६ फोटोंचे झाले साधारण १ मीटर ३७, त्यात पुढची जीभ आणि मागचं शेपूट धरलं की एका रोलला एक मीटर साठ-पासष्ट सेंटीमीटर लागतात. करा हिशोब, अठरा रोल निघतात एका डब्यातून. आज तयार रोलचे भाव बघून कॉलेजची पोरं दुकानातनं परत फिरतात, त्यांना असं घरी भरून घेतलं तर लई फरक पडतो. शिवाय कॅमेरा तपासायचा असला तर १२ फोटोंचाच रोल भरता येतो.

आणि हे काही नवीन खूळ नाही. लायका कॅमेरा १९२५ ला बाजारात आला तोच मुळात सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, लोक अंधारात बसून स्वतःच डब्या भरायचे, कोडॅकनं तयार भरलेली डबी आणली ती १९३४ ला. म्हणजे आपल्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आणि १९२९ ला इथं कोल्हापुरातच सुरू झालेल्या प्रभातमध्ये जी फिल्म फिरली तिची रुंदी आणि तुमच्या घरातल्या जुन्या कॅमेऱ्यातल्या फिल्मची रुंदी एकच. ज्या गावात हे सगळं झालं तिथं फिल्म भंगारात जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भरायला लागतो तो लोडर, बॅकेलाइटचा किंवा प्लास्टिकचा एक ठोकळा, त्याला दोन कप्पे. मोठ्या कप्प्यात गुंडाळा ठेवायचा, टोक फटीतून लहान कप्प्यात काढायचं आणि झाकण लावायचं, एवढं काम मात्र ठार काळोखात. लाल दिवा चालत नाही हे पोरांना दहादा सांगावं लागतं, लाल दिवा फोटोच्या कागदाला चालतो, ही फिल्म लाल रंगही बघते. मी बाथरूम वापरतो, दाराला घोंगडं अडकवतो, खालच्या फटीला टॉवेल कोंबतो आणि आधी दहा मिनिटं नुसतं बसून राहतो, कारण उजेड कुठनं येतोय ते डोळे सरावल्यावरच दिसतं. आमच्या गल्लीत नवीन एलईडी दिवे लागल्यापासून वरच्या खिडकीच्या कडेनं एक रेघ यायला लागली होती, ती तीन वर्षं दिसलीच नव्हती.

एकदा लोडर भरला की पुढचं सगळं दिवाणखान्यात बसून होतं. फिल्मचं टोक डबीच्या स्पूलला, म्हणजे मधल्या रिळाला, चिकटपट्टीनं दोन्ही बाजूंनी पक्कं लावायचं, नाहीतर शेवटच्या फोटोला ताण देताना निसटतं आणि फिल्म कॅमेऱ्यातच सुटते. मग डबी आत, झाकण बंद, आणि काही लोडरना फिल्मच्या वाटेवर फिरतं दार असतं ते उघडायचं आणि लोडरची दांडी फिरवून फिल्म डबीत गुंडाळायची. हे दार उघडायचं विसरून दांडी फिरवली की सगळ्या रोलवर लांब ओरखडा, आणि झाल्यावर बंद करायचं विसरून झाकण काढलं की उजेड थेट आतल्या गुंडाळ्यापर्यंत जातो. दांडी हळू फिरवा, थंडीच्या कोरड्या हवेत भसाभस ओढलं तर फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या उमटतात, अगदी झाडाच्या फांद्यांसारख्या. आणि टोक उजेडात चिकटवल्यामुळं रोलचे शेवटचे एक-दोन फोटो जळतातच, म्हणून छत्तिसाव्या फोटोवर लग्नातला हार घालायचा क्षण ठेवू नये.

आपल्याकडच्या पावसात वेगळंच दुखणं. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते तशी फिल्मलाही येते, म्हणून डबा फ्रीजमध्ये ठेवतो, पण काढल्याबरोबर उघडायचा नाही, चार-पाच तास तसाच बाहेर ठेवायचा, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.

आता खरं मागणं. आता मिळणाऱ्या तयार रोलच्या बहुतेक डब्यांची टोपी दाबून पक्की केलेली असते, एकदा उघडली की परत नीट बसत नाही. जुन्या स्टुडिओंत फिरकीच्या किंवा दाबून बसणाऱ्या टोपीच्या डब्या असायच्या त्या वर्षानुवर्षं वापरता येतात, फक्त तोंडाच्या मखमलीतली धूळ झटकायची. अशा डब्या, लोडर, गोल डबे कुणाच्या माळ्यावर असतील तर टाकू नका. डबा जड लागला, कडेची चिकटपट्टी शाबूत असली, तर अजिबात उघडू नका, वर उटीच्या फिल्म कारखान्याचं ‘इंदू’ असं नाव असलं तरी जुनं म्हणून फेकू नका, काळीपांढरी फिल्म मुदत संपल्यावरही बरीच वर्षं चित्र देते, फोटो काढताना थोडा उजेड जास्त द्यावा लागतो इतकंच. गावात चित्रकला, फोटोग्राफी शिकणारी पोरं आहेत, त्यांना बोलावून द्या.

त्या उन्हात पडलेल्या दोनशे फुटांचं मी काय केलं म्हणाल तर उचलून आणली. फोटोला गेली ती, पण शिकणारी दोन पोरं रविवारी येतात त्यांना डोळे मिटून भरायच्या सरावाला तीच देतो. भंगारातनं लोडरही मिळाला, धड आहे, फक्त त्याची दांडी नाही. उद्यमनगरात लेथवर करून मिळेल, पण मापाला एखादी मूळ दांडी लागेल. कुणाकडं तसा जुना बॅकेलाइटचा लोडर असला तर एक दिवसासाठी बघायला द्यावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.

आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर