समीक्षकाचा अभिप्राय दाखवा, मग बढती द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

‘शोधनिबंध मागवत आहोत. दोन दिवसांत स्वीकृतिपत्र, आठवड्यात प्रकाशन, ई-प्रमाणपत्र मोफत.’ अशा मजकुराचे संदेश प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत येऊन पडतात. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या, फायली हलू लागल्या की जरा जास्तच. छापण्याआधी निबंध नीट वाचून अभिप्राय लिहायचा तर समीक्षकाला काही आठवडे तरी हवेत. दोन दिवसांत होते ती फक्त पैसे जमा झाल्याची खातरजमा.

दोष एकट्या प्रकाशकांचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीला किमान सात आणि प्राध्यापकाच्या पदोन्नतीला किमान दहा प्रकाशने लागतात. वरून आकडा ठरवून दिला की तेवढा माल पुरवणारी दुकाने खाली उघडतातच.

हे पुण्याला फार आधी कळले होते. यूजीसीच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या शोधपत्रिकांपैकी १००९ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासल्या. ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसल्या नाहीत. हा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ शोधपत्रिका यादीतून काढल्या. शिफारस करणारी आपलीच विद्यापीठे होती, हे मात्र सगळे सोयीस्कर विसरले. पुढे २०१९मध्ये यूजीसीची ‘केअर’ ही शोधपत्रिकांची नवी यादी आली. तिच्यातल्या पत्रिकांच्या हुबेहूब बनावट संकेतस्थळांनी लोकांना गंडवले, तरी निदान एक चाळण होती. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने ती बंद झाल्याचे जाहीर केले आणि पत्रिका पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले.

म्हणजे कोणावर? महाविद्यालयाच्या छाननी समितीवर. ती काय बघते, ते कधी तरी शेजारी बसून पाहा. मुखपृष्ठाची झेरॉक्स, अनुक्रमणिकेत नावाखाली हायलायटरची पिवळी रेघ, आयएसएसएन, आणि कुठल्याशा अनोळखी संस्थेने वाटलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे पत्रिकेच्या प्रभावाचा आकडा. निबंधाची पाने फाइलमध्ये असतात, पण ती उलटली जात नाहीत. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे. त्यावरून दर्जा ठरत नाही, हे समितीतल्या सगळ्यांना माहीत असते. तरी बढतीचे गुण मिळतात, कारण उद्या याच टेबलावर त्यांचीही फाइल यायची असते.

जुनी यादी परत आणा, असे माझे म्हणणे नाही. मराठीत लिहिणाऱ्यांची त्या यादीत आधीच ओढाताण होत होती. मागणी साधी आहे. राज्यातल्या विद्यापीठांना एक परिपत्रक काढायला लावा: गुण मागायचे तर प्रत्येक निबंधासोबत समीक्षकांचे अभिप्राय, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि लेखकाने केलेल्या दुरुस्त्या जोडाव्यात. खऱ्या परीक्षणातून गेलेल्या माणसाच्या ईमेलमध्ये हे सगळे असतेच. काही जण अभिप्रायही बनावट करतील, मान्य. म्हणून समितीतल्या बाहेरच्या विषयतज्ज्ञाने त्यातला एक निबंध आधी वाचून यावा आणि त्यावर उमेदवाराला दहा मिनिटे प्रश्न विचारावेत. पाचवा सहलेखक म्हणून नाव घुसवलेला कोण, ते तिथेच समजेल.

आपल्याच महाविद्यालयाच्या परिषदेचा विकत घेतलेला विशेषांक आणि नंतर मागे घेतला गेलेला निबंध, या दोन्हींचे गुण शून्य धरावेत.

मोबदल्यात आकड्याची सक्ती सैल करण्यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा. आठवड्याला सोळा तास शिकवून, वर नॅकच्या मूल्यांकनाचे कागद भरणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाने पाच वर्षांत एकच चांगला निबंध लिहिला, तर त्याची बढती अडू नये. आज पैसे भरून दहा छापणारा त्याच्या पुढे निघून जातो.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या कॅस शिबिरांपूर्वी हे परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपली,
अनुदानित महाविद्यालयातील एक सहयोगी प्राध्यापिका