गोळीचं नाव तरी सांगा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी नोव्हेंबरात 18 ते 24 तारखेला अँटिबायोटिकबद्दल जनजागृतीचा आठवडा असतो. पेपरात एक-दोन लेख येतात आणि त्यात एकच गोष्ट असते, की लोकं उठसूट गोळ्या खाऊन राहिले म्हणून जंतू आता औषधाला दाद देत नाहीत. खरं आहे ते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ज्यानं डॉक्टरनं दिली म्हणून गोळी खाल्ली आणि त्या गोळीनंच जो घरी बसला, त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण खालचा फोन नंबर कापू नका.

मी बोलतोय ते सिप्रोफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या एकाच घराण्यातल्या गोळ्यांबद्दल. आमच्या दारव्हा-दिग्रस भागात लघवीला जळजळ झाली की सिप्रो, संडास लागली की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल, खोकला लांबला की लेवो, असं ठरलेलंच आहे. बऱ्याचदा तर डॉक्टरही मध्ये नसतो, मेडिकलवाल्याला सांगितलं की तो कैचीनं गोळ्यांचा पत्ता, म्हणजे पट्टी, कापून चार गोळ्या देतो.

अमेरिकेच्या औषध खात्यानं 2008 मध्येच या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला की यानं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणारी जाड शीर, सुजू शकते, तुटू शकते, आणि सगळ्यात जास्त टाचेच्या मागची. 2013 मध्ये सांगितलं की नसांना इजा होऊन हातापायाची आग, मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो आणि तो कायमचा राहू शकतो. 2016 मध्ये तर स्पष्टच सांगितलं की सायनस, ब्राँकायटिस, साधं लघवीचं इन्फेक्शन यांना दुसरं औषध चालत असेल तर हे देऊच नका. 2018 मध्ये आणखी भर पडली, शुगर एकदम खाली जाणं, डोक्यावर परिणाम, आणि काही पेशंटमध्ये हृदयातून निघणारी मोठी धमनी फाटणं. त्यानंतर युरोपनं वापरावर बंधनं घातली, आणि ब्रिटननं जानेवारी 2024 मध्ये सांगितलं की नेहमीची दुसरी अँटिबायोटिक चालत नसतील तेव्हाच हे द्या. प्रत्येकाला असं होत नाही, ज्याला होतं असे थोडेच. पण ज्याला झालं त्याचं काय, हा माझा प्रश्न आहे.

आमचे काका साठीच्या पुढचे, दम्यामुळे स्टिरॉइडच्या गोळ्या आधीपासून चालू. या शिरा तुटायचा धोका 60 च्या वरच्या माणसाला जास्त, आणि सोबत स्टिरॉइड असेल तर आणखी जास्त, हे त्या कंपनीच्या कागदातच लिहिलेलं असतं, पण तो कागद खोक्यात राहतो आणि खोकं मेडिकलमध्ये. लघवीची तक्रार घेऊन गेले, कमरेवर एक सुई घेतली आणि पुडी घेऊन आले. पुडी म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, कागदात सुट्या गोळ्या, एक पांढरी लांबट, एक पिवळी, एक गुलाबी, वरून पेनानं दोन रेघा, सकाळ-संध्याकाळ. टाच दुखायला लागली तर काकू म्हणे, "वावरात चालून चालून दुखत असन जी." ऐन सोयाबीनची कापणी तोंडावर, कोण थांबते. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चढताना मागून वाळकी काडी मोडल्यासारखा कट् आवाज आला आणि खाली बसले ते बसलेच.

वर्ध्याकडच्या हाडाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या महिनाभरात कोणती अँटिबायोटिक घेतली?" आणि आमच्याकडे उत्तर काय, तर पांढरी लांबट गोळी. चिठ्ठी नाही, बिल नाही, गोळ्यांचा पत्ता नाही. पहिल्या दवाखान्यात विचारायला गेलो तर म्हणे सगळ्यांलेच देतो, कोणाले काही झालं नाही. खूप मागे लागल्यावर तिथल्या कंपाउंडरनं गोळीचं नाव सांगितलं, ती लेवो निघाली. हाडाचे डॉक्टर म्हणाले, हे त्याच गोळीनं झालं असं शंभर टक्के मी लिहून देऊ शकत नाही, पण वय, स्टिरॉइड आणि ही गोळी एकत्र आली की असं होतं. सरळ बोलणारा माणूस, त्याचा राग नाही. राग आहे तो त्या पुडीचा.

गावात अशी दुखणी कशात कशात खपतात पहा. पायाची आग झाली की शुगर, सांधे धरले की चिकनगुनियाचं राहिलेलं, शुगरच्या गोळ्या खाणारी बाई चक्कर येऊन पडली की उपास होता म्हणे. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असताना ही अँटिबायोटिक दिली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, हे त्या बाईला कोण सांगणार? गोळीचं नावच माहीत नाही तर गोळीवर संशय तरी कसा घ्यावा. आणि मग वरचे साहेब म्हणायला मोकळे की आमच्याकडे तक्रारीच नाहीत!

तसा कायदा आहे बरं का. लेवोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन शेड्यूल एच-1 मध्ये आहेत, मार्च 2014 पासून. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, पेशंटचं, डॉक्टरचं आणि औषधाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. आमच्या तालुक्यात कोणी असं रजिस्टर उघडून माझ्यासमोर लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. औषध निरीक्षकांनी एकदा बाजाराच्या दिवशी येऊन पाहावं.

एक मात्र सांगतो, नाहीतर लोक भलतंच करतील. हे औषध वाईट म्हणून फेका असं मी म्हणत नाही. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत लेवो आणि मॉक्सी यांच्यावर पेशंट जगतात, त्यांनी माझं पत्र वाचून गोळ्या बंद करू नका, त्रास असला तर आधी टीबीच्या डॉक्टरला सांगा. बाकीच्यांनी सिप्रो-लेवो चालू असताना टाच, खांदा दुखला किंवा पायाला मुंग्या आल्या तर पुढची गोळी गिळायच्या आधी डॉक्टरला फोन करायचा, कापणी असो की लग्न.

माझी मागणी लहान आहे. सुट्या गोळ्यांची पुडी बंद करा, निदान त्या कागदावर गोळीचं नाव लिहा. आणि औषधानं त्रास झाला तर पेशंट स्वतः सरकारला कळवू शकतो, हे पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, भिंतीवर रंगवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचा फॉर्म मराठीतही आहे, पण आमच्या आशाताईंनी तो कधी पाहिला नव्हता. फुकट फोन नंबर 1800-180-3024, कामाच्या दिवशी लागतो. एवढा मोठ्या अक्षरात छापा.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ