गादीवाल्या काकांस, मनापासून आभार

सांगली

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

विश्रामबागेतल्या आमच्या पिलाटेस (सतरंजीवर सावकाश, शरीरावर ताबा ठेवून करायचा व्यायाम) वर्गासाठी तुम्ही बसायच्या बैठका, डोक्याखालच्या गाद्या, पट्टे आणि वजनाच्या पिशव्या शिवून दिल्यात, त्याबद्दल हे पत्र. चारचौघांत वाचता येईल असं लिहीत आहोत, कारण मिरज-कुपवाडकडे घरीच सतरंजीवर व्यायाम करणाऱ्यांनाही तुमची मापं उपयोगी पडतील.

फोम किती जाड घ्यायचा, असं आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही उलट विचारलंत, "बसल्यावर किती उरायला पाहिजे?" सगळी मेख इथंच आहे. मांडीमागचे स्नायू आखडलेला माणूस पाय लांब करून बसला की त्याची ओटी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, मागे कलंडते, कंबर गोल होते आणि 'स्पाइन स्ट्रेच'मध्ये, म्हणजे बसून पुढे वाकताना, मणक्याऐवजी नुसती मान वाकते. बैठकीच्या हाडांखाली 5 ते 8 सेंटिमीटर उंची मिळाली तर ओटी सरळ उभी राहते. पण ही उंची वजन पडल्यावर उरलेली हवी. साधी कापसाची उशी किंवा मऊ फोम रिकामा असताना छान फुगीर दिसतो आणि बसताच चपटा होतो. सावरीच्या कापसाचं तर विचारूच नका, तो एका बाजूला सरकतो आणि माणूस तिरका बसतो.

तुम्ही खाली 6 सेंटिमीटरचा रीबॉन्डेड (तुकडे दाबून चिकटवलेला) फोम आणि वर 1 सेंटिमीटरचा मऊ थर दिलात. खालचा थर दबत नाही, वरच्यामुळे हाडं टोचत नाहीत. 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला 40 किलो, तो आकडा कडकपणाचा नव्हे, हेही तुम्हीच समजावून सांगितलंत. म्हणून फोम घेताना आकडा ऐकून थांबू नये, तळहाताने जोर देऊन पाहावं. काठावर बसायचं, मधोमध नाही. मांड्या बैठकीच्या बाहेर हव्यात, हे आमच्याकडून.

डोक्याखालची गादी दीड-दीड सेंटिमीटरच्या दोन थरांची, वेल्क्रोने जोडलेली केलीत, हे फार बरं झालं. पाठीला पोक असलेल्या माणसाचं उताणं झोपल्यावर डोकं मागे पडतं, हनुवटी छताकडे जाते आणि गळ्यापुढचे स्नायू ताणतात. त्याला दोन्ही थर लागतात, सरळ पाठीच्या माणसाला एक किंवा एकही नाही. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत आली की पुरे. त्याहून जाड केली तर हनुवटी छातीला टेकते. 'शोल्डर ब्रिज'ला, म्हणजे उताणं झोपून कंबर उचलताना, मात्र ही गादी काढायचीच. कंबर उचलली की भार खांद्यांवर आणि मानेकडे येतो, आणि डोकं उंचावर असेल तर वाकलेल्या मानेवर तो पडतो. हे दर वर्गात एक जण तरी विसरतोच.

पट्ट्यांसाठी तुम्ही पलंगाची नवार वापरलीत. 4 सेंटिमीटर रुंद, अडीच मीटर लांब, टोकाला पाऊल जाईल एवढा फास, आणि फासाच्या मुळाशी चौकोनात फुलीची शिलाई. नवार ताणत नाही, हाच तिचा गुण. उताणं झोपून पाय वर धरायचा तर हात पावलापर्यंत पोचत नाही, तिथे ती हाताची लांबी वाढवते. रबरी पट्टीचं काम वेगळं. ती विरोध देते आणि 'रोल अप'मध्ये, म्हणजे उताण्यावरून उठून बसताना, आधारही देते. दोन्हींची गल्लत झाली की रबरी पट्टीने पाय ओढताना ती तळव्यावरून निसटून तोंडावर बसते. म्हणून पट्टीचा एक वेढा पावलाभोवती घ्यायचा आणि आधी कडेला चीर पडली आहे का ते पाहायचं.

त्या रबरी पट्ट्यांना तुम्ही मांजरपाटाच्या पिशव्याही शिवून दिल्यात. उन्हाळ्यात रबर एकमेकाला चिकटतं, उन्हात ठेवलं तर कडक होऊन तडकतं. आता पिशवीत चिमूटभर टाल्कम पावडर टाकून पट्ट्या सैल गुंडाळून सावलीत ठेवतो.

घोट्याला बांधायच्या पिशव्यांत आमच्या मनात ज्वारी भरायची होती. तुम्ही नको म्हणालात, कीड लागते. धुऊन कडक वाळवलेली वाळू, आत जाड प्लास्टिक, वर दुहेरी कापड, आणि 500 ग्रॅमचे 100-100 ग्रॅमचे पाच कप्पे. कप्पे नसते तर वाळू खाली साचून घोट्याच्या एकाच बाजूला दाब आला असता. गुडघा दुखणाऱ्यांनी कुशीवर पाय उचलताना हीच पिशवी आधी गुडघ्याच्या वर बांधावी. घोट्याला बांधली की तेच वजन खुब्याच्या सांध्यावर जवळजवळ दुप्पट भार टाकतं.

पहिल्या महायुद्धात आइल ऑफ मॅनच्या छावणीत असताना या व्यायामाचे जनक जोसेफ पिलाटेस यांनी खाटांच्या स्प्रिंगा काढून व्यायामाला वापरल्या, असं सांगतात. या व्यायामाचं नातं खाटेशी आणि गादीशी तेव्हापासूनचं आहे, काका.

आता एक विनंती. छोट्या चेंडूसाठी, 23 सेंटिमीटरचा, सैल कव्हर हवंय. आम्ही तो पूर्ण फुगवत नाही, साधारण दोन तृतीयांशच. टच्च भरला तर गुडघ्यांमधून सटकतो. घामाने प्लास्टिक निसरडं होतं, म्हणून कव्हर सुती आणि चेन कडेला असावी, मांडीला टोचू नये. मापासाठी चेंडू तेवढीच हवा भरून पाठवतो.

आपला लोभ असावा.

आपले,
विश्रामबागेतल्या पिलाटेस वर्गातले शिकवणारे आणि शिकणारे