नुसते डोंगर वाचवत नाहीत

संपादक महोदय,

‘स्वित्झर्लंड डोंगरात आहे, म्हणून महायुद्धातून वाचला’, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. डोंगर तर नॉर्वेतही होते, आणि तोही तटस्थच होता. १९४० मध्ये जर्मनांनी तो घेतलाच!

स्विस तटस्थतेला १८१५ मध्ये बड्या सत्तांनी मान्यता दिली, कारण फ्रान्स आणि ऑस्ट्रियाच्या मधली ही वाट कुणा एकाच्या हाती जाणं इतरांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात स्विस सरसेनापती जनरल गिझां यांनी वेळ पडल्यास सपाटीवरची शहरं सोडून आल्प्समधून लढायचं ठरवलं. कडे पोखरून तोफा बसवल्या, आल्प्सखालून जाणारा गोटहार्डचा रेल्वे बोगदा उडवून द्यायची तयारी ठेवली. इटलीला जाणारा जर्मन कोळसा याच बोगद्यातून जायचा. तो बंद पडला तर पंचाईत कुणाची, हे बर्लिनला कळत होतं.

बाकी सगळं काही सोज्वळ नव्हतं. स्विस नॅशनल बँकेने नाझींकडचं लुटीचं सोनं घेतलं, आणि सीमेवर आलेल्या हजारो ज्यूंना माघारी धाडलं गेलं. तटस्थतेच्या गौरवगाथेत हे पान सहसा गाळलं जातं.

– एक वाचक, सातारा